मदत हवी आहे: रात्री एकटं वाटतं तेव्हा कोणती स्तोत्रं वाचता?

जय ख्रिस्त मंडळी. आई जाऊन चार महिने झाले. दोघीच राहायचो, आता कामावरून आले की कुलूप मीच उघडते. रविवारी उपासनेला जाते, पण ‘देवाची इच्छा’ म्हणून सगळे आपापल्या वाटेला लागतात. बायबलमधलं स्तोत्र 23 तोंडपाठ आहे, पण ते आईनेच शिकवलेलं, दुसऱ्या ओळीलाच गळा दाटतो. उलट 88 वाचून बरं वाटलं. शेवटपर्यंत अंधारच, उगाच समजूत काढणं नाही! स्तोत्र 25 ज्याच्या नावावर आहे तो दावीद राजाही आपण एकटे पडलोय असं सरळ सांगतो. अशी आणखी कोणती स्तोत्रं आहेत? आणि घरात एकट्याने प्रार्थना करताना मोठ्याने बोलता की मनात? आईच्या बायबलमध्ये तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. ते अजून उघडवलेलं नाही.