कातळशिल्प म्हणावं की खोदचित्र?

कोल्हापुरातल्या आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी वाल्कामोनिकावर लिहितोय. इटलीत आल्प्समधलं हे खोरं. हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या खडकांवर हरणं, नांगर, हत्यारं घेतलेली माणसं अशा १,४०,००० च्या वर आकृत्या आहेत. जागतिक वारशाच्या यादीत १९७९ साली गेलेलं इटलीचं हे पहिलं ठिकाण. मी ‘कातळशिल्पं’ लिहिलं आणि हात अडखळला. शिल्प म्हटलं की मला खिद्रापूरचा गजपट्ट दिसतो, दगडातून बाहेर आलेले हत्ती. इथं आकृती आत गेलीय. मग?

रत्नागिरीकर: कातळशिल्पच लिहा. राजापूर तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद. तोही आत खोदलेलाच. शिल्प म्हणजे मुळात हाताची कारागिरी, त्याला उठाव हवाच असं नाही.

प्रश्नकर्ता: पण ‘कातळ’ म्हटल्यावर आमच्याकडं मसाई पठारावरचा जांभाच डोळ्यांपुढं येतो. वाल्कामोनिकात तर वालुकाश्म.

रत्नागिरीकर: कातळ म्हणजे उघडा, सलग खडक. जात कुठलीही असो.

एक वाचक: ‘शैलचित्र’?

प्रश्नकर्ता: नको. लोकांना भीमबेटकाचे रंग आठवतील.

पाथरवटाची नात: दादा, नामापेक्षा क्रियापदाकडं बघा. तुम्ही पुढं ‘कोरलेली’ लिहिणार, तिथं घोटाळा आहे. माझे आजोबा पाट्याला टाकी लावायचे. एक घाव, एक खळगा, त्याला लागून दुसरा. वाल्कामोनिकातल्या बहुतेक आकृत्या अशाच झाल्यात, खळग्याला खळगा भिडवून. एका ओढीत काढलेली रेघ तिथं कमीच. सगळ्यांत जुन्या आकृत्यांच्या काळात लोखंडी टाकी नव्हती, गारगोटीसारख्या टणक दगडानंच घाव घातले. हे कष्ट शब्दात दिसायला हवेत, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ता: ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. मग ‘कातळावर टोचून काढलेली चित्रं’?

पाथरवटाची नात: टोचतात सुईनं. दगडावर ठोकतात. मथळ्यात कातळशिल्प राहू दे, लोकांच्या तोंडी तेच बसलंय. आत पहिल्याच वाक्यात ‘ठोकून खोदलेली’ लिहा.

प्रश्नकर्ता: तसंच लिहितो.