मुरमाच्या भरावात कॉम्पॅक्शन १०० टक्क्यांच्या वर येतंय, मदत हवी आहे

मंडळी, पुलाच्या अप्रोचचा भराव चालूये, मटेरियल मुरूमच पण एका खाणीतला नाही, एक पिवळसर मऊ आणि दुसरा लाल कडक खड्यांचा, हायवा येईल तसा टाकतात. हेवी प्रॉक्टर (साच्यात मटेरियल ठोकून ते जास्तीत जास्त किती घट्ट बसतं ते काढायची लॅब टेस्ट) मात्र पिवळ्यावरच झालंय, एमडीडी म्हणजे कमाल कोरडी घनता १.९२ ग्रॅम/सीसी. भरावाला एमडीडीच्या ९५ टक्के आणि सबग्रेडला (रस्त्याच्या थरांखालचा भरावाचा सर्वात वरचा भाग) ९७ लागतं ते माहितीये.

आता सँड रिप्लेसमेंटने (थरात खड्डा घेऊन, त्यात किती वाळू मावते त्यावरून खड्ड्याचं आकारमान धरून) फील्ड डेन्सिटी काढली की कुठे १०३ टक्के येतंय आणि तिथून चार पावलांवर ९१. रोलर तोच, पासेस तेवढेच, थर २० सेंमीचाच. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस म्हणतो साहेब शंभरच्या वर म्हणजे उत्तमच की, टाका पुढचा थर! मला काय ते पटत नाही.

माझा संशय असा की खड्ड्यातून १९ मिमीच्या वरचे दगड निघतात, ते प्रॉक्टरच्या साच्यात गेलेलेच नसतात त्यामुळे डेन्सिटी फुगून दिसते, शिवाय लाल मुरमाची एमडीडी वेगळीच असणार. ९१ चं म्हणाल तर वाळू ओतताना शेजारी व्हायब्रेटरी रोलर चालू असतो, हादऱ्याने वाळू जास्त बसते आणि खड्डा मोठा धरला जातो, तसं असेल का? (ओलावा मोजायच्या रॅपिड मॉइश्चर मीटरचं रीडिंग ओल्या वजनावर असतं, ते कोरड्यावर बदलूनच घेतोय, त्यामुळे तो मुद्दा नको.)

तर दगडांचं करेक्शन तुम्ही साइटवर कसं लावता, का सरळ २२५० सीसीच्या मोठ्या साच्यात प्रॉक्टर परत करायचं? आणि दोन्ही मुरूम मिसळूनच येत असतील तर एमडीडी कुठली धरायची?