वॉकमनमधून रेकॉर्डिंग काढलं, ते बरं केलं का?

फीतवेडा:
सोनीचा पहिला वॉकमन, टीपीएस-एल२, १ जुलै १९७९ ला जपानात विक्रीला आला. किंमत ३३,००० येन. मुळात तो पत्रकारांसाठी काढलेला 'प्रेसमन' हा छोटा टेपरेकॉर्डर. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना प्रवासात गाणी ऐकायची होती, म्हणून त्यातलं रेकॉर्डिंग आणि स्पीकर काढून स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर बसवला. रेकॉर्ड न करणारं यंत्र घेणार कोण, अशी शंका कंपनीतच होती. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता मागे हटले नाहीत. जुलैत ३,००० च्या आसपास खपले, पण ऑगस्ट संपेपर्यंत पहिले ३०,००० संपलेसुद्धा. सोबतचे हेडफोन पन्नासेक ग्रॅमचे, जेव्हा बाकीचे तीन-चारशे ग्रॅमचे असत. माझ्या मते काय काढायचं ते कळणं, हीच या डिझाइनची कमाल.

ओवीकर:
अजिबात पटलं नाही. रेकॉर्डिंग गेलं आणि माणूस नुसता ऐकणारा झाला.
मामांनी मस्कतहून आणलेल्या रेकॉर्डरवर आम्ही आजीच्या जात्यावरच्या ओव्या भरून ठेवल्या. मध्येच कुणी दार वाजवतं, आजी "आले गं" म्हणते, जातं थांबतं. मग परत घरघर सुरू होते आणि ती सोडलेल्या ओळीपासून गायला लागते. पुढे तो रेकॉर्डर बिघडला. दादाने नवं घेतलं ते नुसतं वाजवणारं. आजी आणखी सहा वर्षं होती, पण तिची एकही नवी ओवी भरता आली नाही. वजन कमी झालं म्हणून मी त्याला कमाल कशी म्हणू?

एकतारी:
मला रेकॉर्डिंगपेक्षा दुसरंच खटकतं. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती आणि वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि माइकमधून शेजारच्याचं बोलणं कानात यायचं. मोरिता घरी ऐकत बसले तेव्हा बायकोला आपल्याला दूर सारल्यासारखं वाटलं, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. म्हणून ती सोय. पुढच्या मॉडेलांतून ते बटण गेलं, आणि जाऊ नये ते नेमकं तेच होतं.
आणि श्रेय एकट्या सोनीला देऊ नका. आंद्रेआस पावेल या संशोधकाने अंगावर बाळगायच्या स्टिरिओच्या पेटंटसाठी १९७७ मध्येच इटलीत अर्ज केला होता. बरीच वर्षं भांडून शेवटी सोनीने त्यांच्याशी तडजोड केली.

फीतवेडा:
पावेल यांचं नाव मी घ्यायलाच हवं होतं. नारिंगी बटणाचंही मान्य.
पण ओवीकर, रेकॉर्डिंगची वाट कुणी बंद केली नव्हती. १९८२ चा वॉकमन प्रोफेशनल रेकॉर्डही करायचा, महाग होता एवढंच. आणि जे यंत्र भरतं तेच पुसतंही. आमच्याकडे वडिलांच्या आवाजाच्या कॅसेटवर चुकून लाल बटण दाबलं गेलं आणि क्रिकेटची कॉमेंटरी भरली गेली. नुसत्या वाजवणाऱ्या यंत्रात ती भीती नाही.

ओवीकर:
हे वाचून कसंतरी झालं. आमची कॅसेट अजून आहे, पण दहा-बारा वर्षांत लावलेली नाही.

फीतवेडा:
मग आधी कॅसेटच्या पाठीवरची ती चिमुकली प्लास्टिकची पट्टी तोडलेली आहे का बघा, नसेल तर तोडा, म्हणजे चुकूनही वर दुसरं काही भरलं जाणार नाही. फीत पेन्सिलीने दोन-चार आटे फिरवून बघा, अडकत नाही ना. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा आणि पहिल्यांदा वाजवतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. "आले गं" कापू नका.