गाडीसाठी स्पीकर आणि सबवूफर कोणता घ्यावा? मदत हवी आहे, शनिवारपर्यंत

हरिपूरकर (गुरुवार, रात्री ९:५२)
नमस्कार मंडळी. गाडीत चांगले स्पीकर आणि एक सबवूफर (खोल बेससाठीचा वेगळा स्पीकर) बसवायचाय. बजेट १५ ते २०. रविवारी पहाटे आई-बाबांना घेऊन पंढरपूरला निघायचंय, त्यामुळे शनिवारी संध्याकाळपर्यंत काम व्हायलाच हवं. आत्ताच्या आवाजात काही दम नाही. अभंग लावला की पखवाज म्हणजे बिस्किटांचा रिकामा डबा बडवल्यासारखा वाटतो. बाबा भजनी मंडळात ३० वर्षं पखवाज वाजवत होते, ते दोन मिनिटांत "बंद कर ते" म्हणतात. दुकानदार १२ इंची घ्या म्हणतोय. फक्त कंपनी आणि मॉडेल सांगा, थिअरी नको.

ठसकेबाज (रात्री १०:०१)
१२ इंची, पोर्टेड (हवेला तोंड ठेवलेला) बॉक्स, मोनोब्लॉक अँप (फक्त सबवूफरसाठीचा अँप्लिफायर). डोळे झाकून घ्या. माझ्या गाडीत तेच आहे, सिग्नलला थांबलो की शेजारच्या रिक्षाचा आरसा थरथरतो.

निवांत (रात्री १०:०४)
गाडी कोणती?

प्राजू (रात्री १०:१०)
गाडी कोणती, स्टीरिओ कंपनीचा की बाहेरून बसवलेला, मागच्या दारात स्पीकर आहेत का, आणि १५ ते २० म्हणजे हजारच ना? एवढं सांगितलंत तर लोक काही बोलू शकतील.

हरिपूरकर (रात्री १०:१३)
हजारच हो, लाख कुठून आणू. वॅगनआर २०२१. स्टीरिओ कंपनीचा. मागे स्पीकर नाहीत. आता मॉडेल सांगा.

ठसकेबाज (रात्री १०:१५)
वॅगनआर! उभी चौकोनी डिकी, बॉक्ससाठीच बनवलीय जणू. १२ इंचीच घ्या.

डेसिबल_दादा (रात्री १०:३८)
थिअरी नको म्हणालात तरी थोडी ऐकाच, नाहीतर पैसे पाण्यात जातील.

स्पीकरच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत जे वॅट छापलेले असतात ते पीक, म्हणजे क्षणभराचे. ते विसरा. बारीक अक्षरांत आरएमएस (सलग पेलणारे वॅट) लिहिलेलं असतं, तो आकडा खरा. स्टीरिओचंही तेच. "५० वॅट गुणिले ४" लिहिलेला स्टीरिओ प्रत्यक्षात २० च्या आतबाहेर देतो. हिशेब साधा आहे: इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.४, त्याचा वर्ग साधारण २०७, स्पीकर ४ ओहमचा म्हणून भागिले ८, म्हणजे २६ वॅट. हे झालं कागदावरचं, त्यातही थोडं वाया जातं. त्यामुळे कंपनीच्या स्टीरिओवर १०० वॅट आरएमएसचे स्पीकर लावणं म्हणजे लग्नातलं पातेलं घरच्या शेगडीवर चढवणं. ज्यांची सेन्सिटिव्हिटी (कमी वॅटमध्ये किती मोठा आवाज देतो तो आकडा) ९० डीबी किंवा जास्त आहे असे साडेसहा इंची कोअॅक्शियल घ्या, म्हणजे ट्वीटर स्पीकरमध्येच बसवलेले. कंपोनंट सेटमध्ये ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) वेगळा असतो, आवाज डॅशबोर्डच्या उंचीवरून येतो, छान वाटतो, पण तो खुलतो अँपवर.

सबसाठी वेगळं अँप लागणारच. स्टीरिओच्या मागे लाल-पांढऱ्या आरसीए पिना आहेत का? नसतील तर हाय-लेव्हल इनपुट असलेलं अँप बघा, ते सरळ स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेतं.

न्यूजर्सीकर (रात्री १०:५१)
दादांना +१. अँप घेताना डब्यावर सीईए-२००६ असं लिहिलेलं आहे का बघा. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन (आवाज फाटणं), अशा ठरलेल्या अटींवर वॅट मोजलेले असतात. आमच्याकडे ते बघितल्याशिवाय कोणी हात लावत नाही.

ठसकेबाज (रात्री १०:५५)
तुमच्याकडे पगारही डॉलरमध्ये असतो. (हलके घ्या.)

घाटमाथा (रात्री ११:०७)
सब वगैरे नंतर. आधी दारं डॅम्प करा, म्हणजे पत्र्याची थरथर थांबवणारी शीट लावा. दाराच्या आतल्या पत्र्याला बशीएवढी भोकं असतात. स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा पडदा) पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागे ओढतो, आणि भोकांतून दोन्ही एकमेकींना खातात. बेस तिथेच मरतो. भोकं बंद करून ब्यूटिलची (चिकट रबराची) शीट लावलीत की त्याच स्पीकरमधून दुप्पट बेस येईल. डांबराची स्वस्त शीट मात्र लावू नका. आमच्या नागपूरच्या मे महिन्यात ती ओघळून खिडकीच्या काचेच्या पट्टीत बसली होती, काच खाली जाईना.

डेसिबल_दादा (रात्री ११:१५)
दुप्पट? कशाने मोजलंत?

घाटमाथा (रात्री ११:१७)
कानाने.

डेसिबल_दादा (रात्री ११:२०)
डॅम्पिंगने खडखड जाते, मिड-बेस सुधारतो, मान्य. पण ४० हर्ट्झचा खोल बेस दारातल्या साडेसहा इंचीतून नीट निघत नाही म्हणजे नाही. सब लागतोच.

घाटमाथा (रात्री ११:२४)
पखवाजाला ४० हर्ट्झ कशाला हवेत? त्यांना अभंग ऐकायचेत, मिरवणूक काढायची नाहीये.

सुलभाताई (रात्री ११:३१)
मिरवणुकीवरून आठवलं. आमच्या गल्लीत गणपतीत भिंत उभी केली होती स्पीकरची. सासूबाईंच्या कपाटातल्या काचेच्या वाट्या आपोआप सरकत होत्या. रात्री १० नंतर बंदी आहे, २००० सालचा नियम आहे, कोणी ऐकत नाही.

हरिपूरकर (शुक्रवार, सकाळी ७:४०)
एवढं सगळं वाचलं. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो १२ इंची बॉक्स बसणार नाही, डिकीत सिलिंडर आहे ना. मग आता काय घेऊ?

निवांत (सकाळी ७:४४)
सिलिंडर??

हरिपूरकर (सकाळी ७:४६)
सीएनजी आहे गाडी. सांगितलं नव्हतं का?

ठसकेबाज (सकाळी ७:५२)
भाऊ! रात्रभर बॉक्सचं माप काढत होतो मी.

प्राजू (सकाळी ८:०५)
मग डिकीचा विषय संपला. पुढच्या सीटखाली बसणारा अॅक्टिव्ह सब घ्या. ८ इंची, अँप आतच असतं. जाडी साधारण ७ सेंटिमीटर, तेव्हा आधी पट्टीने सीटखालची उंची मोजा, आणि सीट पूर्ण मागे-पुढे सरकवून मोजा. शेजारच्या सीटखाली ट्रे असेल तर तो काढावा लागेल. माझ्याकडे १२५ वॅट आरएमएसचा आहे. धरणीकंप होत नाही, पण गाणं भरल्यासारखं वाटतं.

वायरमन_काका (सकाळी ८:३०)
सीएनजी आहे म्हणून दोन गोष्टी. अँपचं अर्थिंग (मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणं) करायला दुकानातली पोरं जमिनीच्या पत्र्यात सरळ ड्रिल घालतात. खालून गॅसची नळी गेलेली असते, भरलेल्या टाकीचं प्रेशर २०० बार. नवीन भोक पाडू देऊ नका, सीटचा बोल्ट असतो तिथला रंग खरवडून अर्थिंग द्या. दुसरं, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. माझ्या आधीच्या गाडीत दुकानदाराने फ्यूज अँपपाशी दिला होता. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकात रबर नव्हतं, पत्र्याने वायर कापली, आणि टोलनाक्यावर बॉनेटमधून धूर. बायको अजून ऐकवते.

नाना_मिरजकर (सकाळी ९:१२)
सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) केली आहे का? दर ३ वर्षांनी करावी लागते. टाकीवरची प्लेट बघा.

ठसकेबाज (सकाळी ९:१५)
नाना, धागा स्पीकरचा आहे.

वायरमन_काका (सकाळी ९:४०)
हरिपूरकर, एक विचारायचं राहिलं. आवाज गाडी घेतल्यापासून असाच आहे, की मध्येच बिघडला? आत्ता जे स्पीकर आहेत ते कंपनीचेच ना?

हरिपूरकर (सकाळी ११:०२)
नाही, दिवाळीत बदलले. बाजारपेठेतल्या एका दुकानात साडेतीन हजारांना जोडी घेतली. आधीचे बरे होते खरं तर, म्हणूनच चिडलोय. नवीन महाग आणि आवाज पिचका.

वायरमन_काका (सकाळी ११:१०)
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंत! आता पाकीट खिशात ठेवा आणि एक करा. तोच अभंग लावा, बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्ये. कुठे पखवाज जास्त वाजतो ते सांगा.

डेसिबल_दादा (सकाळी ११:२२)
आलं लक्षात. एका बाजूचं प्लस-मायनस उलटं. एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरची, अख्खी वॅगनआर ३.६५ मीटरची. एवढ्या लांब लाटेला डावं दार आणि उजवं दार एकाच जागी असल्यासारखं. बेरीज शून्याकडे. वरच्या पट्टीतला आवाज तेवढा उरतो, आणि गाणारा नेमका कुठे बसलाय तेही कळत नाही.

घाटमाथा (सकाळी ११:३०)
तरीही डॅम्पिंग करा.

हरिपूरकर (शुक्रवार, रात्री ८:१८)
ऑफिसच्या पार्किंगमध्ये करून बघितलं. डावीकडे एकटा: पखवाज घुमतो. उजवीकडे एकटा: घुमतो. दोन्ही चालू: गायब. तीन वेळा केलं, वॉचमन बघायला आला. आता काय?

वायरमन_काका (रात्री ८:२५)
स्पीकरच्या दोन पिनांपैकी रुंद असते ती प्लस. पण दुकानाने कपलर (वायरींचा तयार जोड) न वापरता वायरी कापून पिळल्या असतील तर रंगावर जाऊ नका. दार उघडा, स्पीकर स्टीरिओपासून पूर्ण सुटा करा, आणि कापलेल्या वायरीच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. दीड व्होल्ट पुरे. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर उडी मारतो, उलट असेल तर आत बसतो. दोन्ही दारांना करा. चूक एकाच दारात असेल, तिथल्याच वायरी अदलाबदल करा. दोन्हीकडच्या बदललात तर परत जिथल्या तिथे.

हरिपूरकर (शनिवार, सकाळी १०:५०)
झालं. उजव्या दारात उलट्या होत्या. वायरी खरंच पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती, तीही सुटत आलेली. दाराचं आतलं कव्हर काढताना एक क्लिप तुटली. रिमोटमधला सेल वापरला, तो परत घालायला विसरलो म्हणून घरात टीव्ही बंद आहे.

बाबांना गाडीत बसवून अभंग लावला. डॅशबोर्डवर बोटांनी ठेका धरून बसले पाच मिनिटं. मग म्हणाले, "याने कणीक जास्त लावलीय." (पखवाजाच्या डाव्या तोंडाला घुमण्यासाठी लावतात ती.) बेस दोनने कमी केला.

खर्च शून्य. काका, तुम्हाला दंडवत. प्राजूताई, सीटखालच्या सबचं मॉडेल तेवढं व्यक्तिगत निरोपात कळवा, दिवाळीला बघतो.

घाटमाथा (सकाळी ११:०५)
दार उघडलंच होतं तर डॅम्पिंग करून टाकायचं ना!

ठसकेबाज (सकाळी ११:२०)
कोणाला १२ इंची बॉक्स आणि मोनोब्लॉक हवा असेल तर सांगा. चालू स्थितीत आहे. सोसायटीने नोटीस दिलीय.

हरिपूरकर (सकाळी ११:४६)
नाना, ती प्लेट बघितली. मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलीय. टेस्ट कुठे करतात आणि किती वेळ लागतो, कोणाला माहीत आहे का? अर्जंट.