मदत हवी आहे: लिनक्सचं जुनं इन्स्टॉलर टूल शाळांपर्यंत कसं पोचवू?

नमस्कार मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून आम्ही जिंतूरकडच्या शाळांतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकतोय. बूटेबल पेनड्राइव्ह (ज्यावरून संगणक सुरू करून लिनक्स टाकता येतं) बनवायचं आमचं मुक्तस्रोत टूल पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीत, पायथन २ मधलं होतं. ते पायथन ३ वर आणलं, मेनूही मराठीत केले. अडलंय ते वाटपात. फ्लॅटपॅक (लिनक्सवर अ‍ॅप वाटायचा एक प्रकार) केलं तर सँडबॉक्समुळे, म्हणजे अ‍ॅपला बाकी संगणकापासून वेगळं ठेवणाऱ्या कुंपणामुळे, पेनड्राइव्हवर थेट लिहिता येत नाही, यूडिस्क्स या डिस्क हाताळणाऱ्या सेवेमार्फत जावं लागतं. अ‍ॅपइमेज (अख्खं अ‍ॅप एकाच फाइलीत) सोपं वाटलं, पण उबुंटू २२.०४ या लिनक्सच्या आवृत्तीवर त्यासाठी बऱ्याचदा लिबफ्यूज२ हा जोड-घटक वेगळा टाकावा लागतो, आणि गावाकडं नेटचा भरवसा नाही. गुरुजींना एका क्लिकवर जमलं पाहिजे, एवढीच तळमळ आहे. कुणी यूडिस्क्सवर काम केलंय का? नमुना कोड दाखवलात तर लई उपकार होतील.