सिनेमाची ‘पारायणं’ म्हणावं का? आणि संतपट – पौराणिक यात फरक काय?

खिडकीतला: काल घरी वाद झाला त्यावरून विचारतोय. मी सहज बोलून गेलो की कॉलेजात शोलेची पारायणं केलीत, तर आजी म्हणाली पारायण पोथीचं करतात, पिक्चर नुसता बघतात. ती दरवर्षी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राला बसते, त्यामुळे तिच्यापुढे मी गप्प. पण डोक्यात किडा वळवळतोय, सिनेमाला हा शब्द लावणं चूक आहे का? आणि तुकारामाच्या पिक्चरला कुणी संतपट म्हणतं कुणी पौराणिक, ते काय प्रकरण आहे?

तिखटमीठ: चूक वगैरे नाही हो, पण आजींचा मुद्दा सोडू नका. पार म्हणजे पलीकडचा काठ, अयन म्हणजे जाणं, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं की पारायण. म्हणजे मुळात ‘पुन्हा पुन्हा’ हा अर्थ त्यात नाहीच, एकदाच पण अथपासून इतिपर्यंत, नेमाने, मधलं काही न गाळता. गुरुचरित्राचं सात दिवसांचं असतं, रोजचे अध्याय ठरलेले, सोवळं, खाण्यापिण्याचे नियम. सिनेमावाल्यांनी नेम टाकला आणि नुसती आवर्तनं उचलली, म्हणून आपण अनेकवचनात बोलतो, ‘पारायणं केली’.

सोळा_आणे: अनेकवचनाचं नाही पटलं, आमच्याकडे पोथीचीही एकशे आठ पारायणं करणारे आहेत. फरक क्रियापदात आहे. पोथीला माणूस पारायणाला ‘बसतो’, शोलेच्या पारायणाला कुणी बसलंय असं ऐकलंय का?

तिखटमीठ: हे मान्य. बाकी कंटाळवाणा सीन पुढे ढकलून बघणाऱ्यांनी तरी पारायण शब्द वापरू नये एवढंच माझं म्हणणं.

जुना_प्रोजेक्टर: दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. पौराणिक म्हणजे रामायण, महाभारत, पुराणं यातलं, फाळक्यांचे राजा हरिश्चंद्र (1913), लंकादहन (1917), कालियामर्दन (1919) हे सगळे त्यात आले. तुकोबा सतराव्या शतकातले, गाव देहू, घरात दुष्काळाची झळ लागलेली, त्यांना पुराणात कसं घालणार, म्हणून संतपट. प्रभातने असे ओळीने काढले, 1935 ला एकनाथांवर धर्मात्मा, 36 ला संत तुकाराम, 40 ला संत ज्ञानेश्वर, 41 ला संत सखू. पण खरं सांगू का, तुकोबांना न्यायला पडद्यावर गरुडविमान उतरतं तेव्हा इतिहास आणि पुराण यातली रेघ पुसलीच जाते. आमचे आजोबा त्या सीनला हात जोडायचे आणि त्याच दमात ‘काय ट्रिकसीन घेतलाय’ म्हणायचे, त्यांना त्यात काहीच विसंगती वाटायची नाही. ट्रिकसीन हा शब्द आता गेला, सगळे व्हीएफएक्स म्हणतात, आणि व्हीएफएक्सला हात जोडलेले मी तरी पाहिले नाहीत.

त्याच पिक्चरमधलं ‘आधी बीज एकले’ शांताराम आठवल्यांनी पिक्चरसाठी लिहिलंय, गाथेत नाही. तरी ते तुकोबांचा अभंग म्हणून सर्रास गायलं जातं. तेव्हा पोथीतला शब्द सिनेमात गेला म्हणून आजी रागावल्या असतील तर त्यांना सांगा, सिनेमातलं गाणंही भजनात जाऊन बसलंय, फिट्टंफाट.

सोळा_आणे: गंमत म्हणजे शोले आणि जय संतोषी माँ दोन्ही एकाच वर्षी आले, 1975. आमच्या आईने दुसरा पाहिला आणि सोळा शुक्रवार धरले, आंबट बंद, प्रसादाला गूळ-चणे, शेवटी रीतसर उद्यापन. माझं हे नाव तिथूनच आलंय, अर्धं तरी. थेटरात लोक चपला काढून बसायचे, फुलं टाकायचे, नाणी टाकायचे. आता बघा, नाणी तर लावणीवर पण टाकतात, पण आई म्हणायची देवीला पैसे ‘वाहिले’, आणि लावणीच्या पिक्चरला काका जाऊन आले की पैसे ‘उडवून’ आले. थेटर तेच, नाणं तेच. आणि आमच्याकडे संतपट, पौराणिक असलं कुणी बोलायचंच नाही हां, हे पेपरातले शब्द, घरात सरळ ‘देवाचा पिक्चर’. तुकाराम पण देवाचा, हनुमान पण देवाचा.

जुना_प्रोजेक्टर: ‘वाहिले’ आणि ‘उडवले’, हे बेस्ट आहे.

खिडकीतला: सगळं आजीला वाचून दाखवलं. अभंगाचं ऐकून जरा हिरमुसली, दोनदा विचारलं खरंच गाथेत नाही का. मग म्हणाली संतोषी माँ तिने पण तीनदा पाहिलाय, माहेरी असताना. मी लगेच पकडलं, म्हटलं मग ती पारायणं नाहीत का? तर म्हणे छे, आम्ही दर्शनाला गेलो होतो.

तिखटमीठ: तिकीट काढून?

खिडकीतला: विचारलं. म्हणाली, देवळात काय फुकट असतं का.