लांब पल्ल्याच्या रायफलला एकसंध माउंट हवाच का?

नेमका_मध्य
लांब पल्ल्याची रायफल म्हटली की पहिला सल्ला ठरलेला: स्कोप (नेम धरायची दुर्बीण) रायफलवर बसवायला एकसंध माउंट, म्हणजे दोन्ही रिंगा एकाच ठोकळ्यात असलेली पकड, घ्या, सुट्या रिंगा विसरा. मला हे पटत नाही. रेल, म्हणजे रायफलवरची खाचांची पट्टी, नीट बसलेली असेल तर तिच्यावर दोन चांगल्या सुट्या रिंगा १००० मीटरपर्यंत पुरतात. वजन वाचतं, शिवाय बोल्ट ॲक्शनवर (दर गोळीला हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीवर) रिंगा हव्या तशा पुढेमागे घेता येतात. एकसंध माउंटमध्ये दोन रिंगांमधलं अंतर कारखान्यानेच ठरवलेलं. डोळ्यापासून स्कोपचं अंतर जुळवायला गेलं की नेमकी टरेटची (नेम सरकवायच्या चकत्यांची) पेटी आडवी येते. पैसे घालायचेच तर रेलवर आणि टॉर्क रेंचवर (मोजून स्क्रू आवळायच्या पान्यावर) घाला.

उलटा_वारा
पुरतात, हे कशाच्या जोरावर? रिंगांमध्ये १०० मिलिमीटर अंतर धरा. एक रिंग दुसरीपेक्षा ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकी, उंच असली की कोन फिरला १ मिल, म्हणजे अंतराच्या हजाराव्या भागाएवढा. १००० मीटरवर तो झाला १ मीटर! एकसंध माउंटच्या दोन्ही रिंगा एकाच ठोकळ्यातून एका ओळीत कोरलेल्या असतात, त्यामुळे ही भानगडच राहत नाही.

नेमका_मध्य
गणित बरोबर आहे हो, पण तो फरक कायमचा असेल तर झिरो करतानाच, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी जुळवतानाच, निघून जातो. घात करतो तो हलणारा फरक. आणि हलतं ते बहुधा रेल आणि ॲक्शनच्या (बोल्ट ज्यात चालतो त्या धातूच्या भागाच्या) मधे. एक करून बघा: रेल ॲक्शनवर ठेवा, फक्त पुढचा स्क्रू आवळा आणि मागच्या टोकाखाली बॅटरीचा उजेड धरा. फट दिसली तर मागचा स्क्रू आवळताना रेलच वाकणार. मग तिच्यावर जगातला सर्वांत महाग माउंट बसवून काय उपयोग? आधी ती फट एपॉक्सीने भरून घ्या.

उलटा_वारा
रेलचं मान्य. पण झिरो करताना फरक “निघून जातो” तो फुकट नाही. एक तर टरेटचा प्रवास खर्ची पडतो. दुसरं, स्कोपची नळी दोन रिंगांमध्ये वाकलेलीच राहते, आणि प्रत्येक धक्क्याला तिला सरळ व्हायचं असतं. रिंगा उघडल्यावर नळीवर एकाच बाजूला चंद्रकोरीसारखा ओरखडा दिसला की समजावं. आता कोणी लॅपिंगचं नाव काढेल, तर आधीच सांगतो: ज्या रिंगा घासून सरळ कराव्या लागतात, त्या परत करा.

दुसरी_बाजू
लॅपिंग नकोच असेल तर बरिस सिग्नेचरसारख्या, आत प्लास्टिकची गोल बैठक असलेल्या रिंगा आहेत. बैठक स्वतःच नळीच्या रेषेत फिरते, ओरखडाही पडत नाही. या वादात त्यांची आठवण कुणालाच कशी होत नाही?

नवा_नेमबाज
मधेच विचारतो. रेल सरळ घ्यायची की २० एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) उताराची? रायफल .३०८ कॅलिबरची आहे, स्कोपचा उभा प्रवास एकूण ६० एमओए.

नेमका_मध्य
२०ची. सरळ रेलवर वर जायला साधारण ३० मिळतील. .३०८ला १७५ ग्रेन वजनाच्या गोळीने १००० यार्ड गाठायला, १०० यार्डांच्या झिरोपासून, ३५ ते ४० एमओए लागतात. २०च्या रेलवर वर ५० मिळतात, खाली १० उरतात, झिरोही जमतो. हौसेने ४०ची घेऊ नका, या स्कोपला १०० यार्डांवर झिरोच होणार नाही.

ओळंबा
तुम्ही दोघं कागदाच्या जाडीवर भांडताय आणि रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा) कललेलं आहे त्याचं काय? १००० यार्डांसाठी ११ मिल वर घेतलेत आणि रेटिकल ३ अंश तिरकं असलं, तर गोळी अर्धा मीटर बाजूला जाते. लोक त्याला वारा म्हणतात! समोर लांब वजन लावलेली दोरी सोडा, रेटिकलची उभी रेघ तिच्याशी जुळवा, मगच रिंगांची झाकणं आवळा. तीही आळीपाळीने, थोडी थोडी, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. एक बाजू आधी आवळली की नळी फिरलीच.

उलटा_वारा
याला हात जोडले. फक्त एक भर: झाकणाच्या स्क्रूंना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे २ न्यूटन-मीटरच्या आत-बाहेर. पण बनवणाऱ्याने दिलेला आकडा शेवटचा. आणि निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावणार असाल तर लक्षात ठेवा, ओलं असताना ते वंगणासारखं वागतं. रेंचवर तोच आकडा, पण नळीवर दाब जास्त.

नेमका_मध्य
आणि रिंगांचे पाय रेलच्या खाचेत पुढे ढकलून मग आवळा. धक्क्याने रायफल मागे येते, स्कोप जागीच राहू पाहतो. खाचेत मोकळी जागा राहिली तर पहिल्याच गोळ्यांत रिंग पुढे सरकते आणि झिरो गेला. एकसंध माउंटलाही हे चुकत नाही.

उलटा_वारा
चुकत नाहीच. पण एआर-१५ सारख्या रायफलीवर स्कोप पुढे न्यायचा असतो आणि रेलचा पुढचा भाग हँडगार्डवर (पुढच्या हाताने धरायच्या आवरणावर) येतो, तो हलतो. तिथे पुढची सुटी रिंग कुठे बसवाल? पुढे झुकलेला एकसंध माउंटच लागतो.

नेमका_मध्य
तिथे लागतो. मी बोल्ट ॲक्शनबद्दल लिहिलं होतं, पहिल्या प्रतिसादाआधीच.